उस्तादांची औजारे

(जुन्या मोटारींची दुरुस्ती करणारे कारीगर काही औजारे घरच्या घरी बनवतात. ती कशी बनतात आणि कशी चालतात, हे या पाठात सांगितले आहे.)

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला कोपरी आहे. ठाणे-मुंबईच्या रस्त्यांवर एके काळी फियाट मोटारी खूप दिसत. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात त्या तयार होत. १९७४ पासून या मोटारीला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. पुढे तिचे उत्पादन बंद झाले. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतील पद्मिनी टॅक्सीही थांबल्या. तरी काही हौशी लोकांनी आपली पद्मिनी जपली आहे. तिच्यासाठी लागणारी खास औजारे आता सहज मिळत नाहीत. मग कोपरी असो की कुर्ला, गॅरेजातले उस्ताद ती स्वतः बनवतात.

पहिले काम बिघाड शोधण्याचे. बारा व्होल्टचा छोटा बल्ब घेऊन त्याला दोन वायरी जोडतात. एक वायर गाडीच्या लोखंडी भागाला लावायची आणि दुसरी तपासायच्या जागी टेकवायची. बल्ब लागला, तर वीज तिथपर्यंत येते. नाही लागला, तर दोष त्याच्या मागे आहे.

घट्ट बसलेली पुली काढायला 'पुलर' लागतो. हातोडा मारला तर पुली तडकते. म्हणून जाड लोखंडी पट्टीला तीन भोके पाडतात. मधल्या भोकाला आटे पाडून त्यात लांब बोल्ट बसवतात. बाजूच्या भोकांतील आकड्या पुलीच्या कडेला अडकवतात. बोल्टचे टोक मधल्या दांड्यावर टेकवून पान्याने फिरवले, की पुली हळूहळू सरळ बाहेर येते. बोल्ट एक पूर्ण फेरा घेतो, तेव्हा अगदी थोडा पुढे सरकतो. त्यामुळे हाताचा जोर कितीतरी पटींनी वाढतो.

क्लचप्लेट बसवायला लाकडी दांडा पुरतो. त्याचे बारीक टोक बेअरिंगमध्ये आणि जाड भाग प्लेटच्या भोकात नेमका बसला पाहिजे. दोन्ही भोके एका रेषेत आली नाहीत, तर गिअरबॉक्स जागेवर बसत नाही. दांडा थोडा सैल झाला, तर त्यावर चिकटपट्टी गुंडाळतात.

यंत्र समजल्याशिवाय असे औजार सुचत नाही. पण त्यावर नाव नसते, मापही लिहिलेले नसते. उस्तादांनी काम सोडले, की भिंतीवरचा तो दांडा इतरांना साधे लाकूड वाटतो आणि भंगारात जातो. त्याचे चित्र, माप आणि उपयोग वहीत लिहून ठेवला, तर ते ज्ञान टिकेल. हे काम विद्यार्थीही करू शकतात.

शब्दार्थ
हौशी – शौकीन
बिघाड – खराबी
आटे – बोल्टवरील गोल फिरत जाणाऱ्या खाचा
तडकणे – चीर पडणे

स्वाध्याय
१. पुली काढताना हातोडा का वापरत नाहीत?
२. बल्बने बिघाड कसा शोधतात?
३. 'औजार', 'कारीगर', 'उस्ताद' हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी चार शब्द लिहा.
४. जवळच्या कारीगराला भेटा. त्याने बनवलेल्या एका औजाराचे चित्र काढून पाच वाक्ये लिहा.