हसलो, ते परत घेताना : ‘मेमरीज ऑफ मर्डर’ दुसऱ्यांदा

पहिल्या वर्षाला असताना आम्ही पाच जणांनी एका लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसून ‘मेमरीज ऑफ मर्डर’ हा कोरियन चित्रपट पाहिला. विषय खुनांचा, तरी आम्ही पोट धरून हसलो. गेल्या महिन्यात तोच चित्रपट मी एकट्याने पुन्हा पाहिला, तेव्हा नेमक्या हसण्याच्या जागांवरच अडखळायला झालं. असं का झालं, ते या लेखात समजून घ्यायचंय. (शेवटाबद्दलही बोलणार आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या!)

आधी थोडी पार्श्वभूमी. बाँग जून-हो यांचा हा दुसरा चित्रपट, 2003 सालचा. ‘पॅरासाइट’मुळे त्यांचं नाव आपल्यापर्यंत पोचलं ते पुष्कळ नंतर. 1986 ते 1991 या काळात दक्षिण कोरियातल्या ह्वासाँग या ग्रामीण भागात बायका-मुलींचे एकामागून एक खून झाले. त्यावर किम क्वांग-रिम यांनी नाटक लिहिलं आणि त्यातून हा चित्रपट आला. तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. गोष्ट सुरू होते ती लष्करी राजवटीच्या काळात. एका रात्री खून होणार अशी धास्ती असताना जास्तीची कुमक मागितली जाते, तर पोलीस निदर्शनं मोडायला गेलेले असतात.

आता त्या हसण्याच्या जागा पाहू.

गावचा डिटेक्टिव्ह पार्क (साँग कांग-हो) याचा दावा असा, की डोळ्यांत पाहिलं की गुन्हेगार ओळखता येतो. त्याचा जोडीदार चो संशयिताला लाथ घालण्याआधी बुटावर कापडी खोळ चढवतो. इतक्या शिस्तीत चाललेली ती तयारी पाहून हसू येतं. पण खोळ कशासाठी? वळ उठू नयेत म्हणून. म्हणजे मारणाऱ्याला आपण काय करतोय हे पक्कं ठाऊक आहे.

पहिला संशयित क्वांग-हो. चेहऱ्यावर भाजल्याच्या खुणा, बुद्धीने थोडा मंद. आधी त्याला बडवतात आणि मग सगळे मिळून नूडल्स खात टीव्हीवर पोलिसांची मालिका बघतात. पहिल्यांदा तो प्रसंग मला गोड वाटला होता. आता वाटतं, त्याला मित्र कोण आणि वैरी कोण हेच कळत नाहीये. ‘कबुली’सुद्धा पार्कच त्याच्याकडून पाठ करून घेतो. पुढे टेप पुन्हा ऐकल्यावर ध्यानात येतं, की क्वांग-हो स्वतःबद्दल बोलतच नव्हता, डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होता. हाती आलेल्या साक्षीदारालाच त्यांनी आरोपी केलं! आणि ते कळेपर्यंत तो इतका भेदरलेला असतो की पळता पळता रेल्वेखाली जातो.

आता मला मधल्या काळात कळलेली गोष्ट. 2019 मध्ये डीएनए चाचणीतून खरा खुनी सापडला. दुसऱ्या एका खुनासाठी तो 1994 पासून तुरुंगातच होता. पण या मालिकेतल्या आठव्या खुनासाठी 1989 मध्येच एका तरुणाला पकडून जन्मठेप दिली गेली होती. वय 22, पोलिओने अधू झालेला पाय, आणि मारहाण करून घेतलेला कबुलीजबाब. तो सुमारे वीस वर्षं आत होता. डिसेंबर 2020 मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. चित्रपट गाजत होता तेव्हाही तो कोठडीतच होता.

हे कळल्यावर शेवट बदलतो. 2003 साल. पोलिसाची नोकरी सोडून धंद्यात पडलेला पार्क शेतातल्या त्याच नाल्यात वाकून बघतो. एक मुलगी सांगते, मागेही एक माणूस असाच बघून गेला. कसा दिसत होता? साधाच, चारचौघांसारखा. पार्क वळून थेट कॅमेऱ्याकडे बघतो. खुनी थिएटरात बसला असेल तर त्याच्या डोळ्यांत बघावं, असा दिग्दर्शकाचा विचार होता. खुन्याने तुरुंगात चित्रपट पाहिलाही. पण विशेष काही वाटलं नाही, असं त्याने 2020 मध्ये न्यायालयात सांगितलं.

मग ती नजर वाया गेली का? मला तसं वाटत नाही. त्याआधी बोगद्यापाशी, पावसात, पार्क शेवटच्या संशयिताच्या डोळ्यांत बघतो आणि आपल्याला काही कळत नाही हे कबूल करतो. अख्ख्या चित्रपटातला खरा कबुलीजबाब मला तोच वाटतो, आणि तो पोलिसाचा आहे. त्यानंतरची ती नजर आपल्याकडे वळते, म्हणजे मारहाण बघून हसलेल्या आमच्याकडेही.

दिग्दर्शकाने आपल्याला फसवलं असं मात्र मी म्हणणार नाही. खोळ पडद्यावर स्पष्ट दिसत होती, टेपही ऐकवली होती. कमी पडलं ते आमचं बघणं.

चर्चेसाठी दोन प्रश्न ठेवते. विनोदामुळे या चित्रपटातली हिंसा सौम्य होते, की ती आपल्याला किती सवयीची झालीय हे उघडं पडतं? आणि खरा खुनी कोण हे माहीत झाल्यावर चित्रपटाचा शेवट दुबळा होतो, की आणखी बोचतो? उत्तर देण्याआधी एकदा पुन्हा बघा. आणि आपण कुठे कुठे हसतो, ते लिहून ठेवा.