संचाची पारख करताना कान कसा लावावा?

वैनगंगेकाठी मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरते. जत्रेच्या गलबल्यात जो संच मोठ्याने वाजतो, तोच गिऱ्हाइकाला सरस वाटतो. घरी हळू लावला की त्याचा खर्ज, म्हणजे बेस, हरवतो. दोष दर वेळी संचाचा नसतो. आवाज लहान केला की कानालाच खर्ज कमी ऐकू येतो, हे अमेरिकेत फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली दाखवले.

म्हणून दुकानदार व कारागीर बंधूंनी दोन्ही संचांचा आवाज आधी सारखा करावा. एकाच गाण्याचा छोटा तुकडा आळीपाळीने, संच दिसू न देता ऐकवावा, फरक कळतो. मग एकेक संच अर्धा तास हळू लावावा. कान शिणतो का, ते कळते. नुसत्या मोठ्या आवाजावर विकलेला माल तक्रार होऊन परत येतो आणि दुकानाची पत जाते.