आपले दात

आर्णीच्या आमच्या रात्रीच्या वर्गात एक काका गालाला हात लावून बसले होते. आम्ही विचारलं, "काय झालं, काका?"

"दात दुखून राहिला."

"कोणता?"

काका गप्प. नाव ठाऊक नाही, तर सांगणार कसं? म्हणून आज आपण दातांची नावे शिकू.

जीभ फिरवून पाहा. अगदी समोर चपटे दात आहेत. ते पटाशीचे दात. ते भाकरीचा तुकडा तोडतात. वर चार, खाली चार. त्यांच्या शेजारी टोकदार सुळे. ते चार. त्यांच्या मागे उपदाढा. त्या आठ. सर्वांत मागे दाढा. त्या बारा. दाढा म्हणजे तोंडातलं जातं!

आता बेरीज करा : ८ + ४ + ८ + १२ = ३२.

शेवटची ती अक्कलदाढ. ती उशिरा येते. कोणाला येतच नाही.

लहान मुलांचे दुधाचे दात २०. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे नवी दाढ येते. ती दुधाची नव्हे. ती गेली तर पुन्हा येत नाही. तिला जपा.

दाताभोवतीचे मांस म्हणजे हिरडी. दातावर घट्ट बसलेला मळ म्हणजे किटण. किटणाने हिरडी सुजते, रक्त येते. दाताला खड्डा पडला की आपण 'कीड लागली' म्हणतो. पण त्यात अळी नसते. गोड खाल्ले की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात. आम्लाने दात पोखरतो. म्हणून सकाळी घासाच, पण रात्री निजतानाही दात घासा.

आता खर्‍र्‍याची गोष्ट. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू नि चुना घोटून खर्रा करतात. सुपारीने गालाचे आतले मांस आखडते. आधी तिखट झोंबते. मग तोंड कमी कमी उघडते. फार दुखत नाही, म्हणून माणूस खातच राहतो. पुढे कोणाला कर्करोगही होतो. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ साली बंदी आली. पण सवय आपली आपणच सोडावी लागते.

तोंड मोठे उघडा. आपली तीन बोटे एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये घाला. सहज गेली तर ठीक.

वर्गात सगळ्यांनी करून पाहिले. काकांची दोनच गेली. कोणी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी काका दवाखान्यात गेले. दातांच्या डॉक्टरला दंतवैद्य म्हणतात. त्यांच्या पाटीवर नावापुढे 'बी.डी.एस.' लिहिलेले असते. ती अक्षरे वाचून मगच आत जा. नागपूरला १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथेही उपचार होतात.

काका परत आले ते सांगत, "म्या डॉक्टरले सांगतलं, खालची डावी, शेवटून दुसरी दाढ! दाढ भरली. पण डॉक्टर म्हणे, आखडलेलं मांस पुरतं पहिल्यासारखं होत नाही. खर्रा सोडला तर पुढचं नुकसान टळंल."

काकांनी खिशातली पुडी काढून बाहेर फेकली. आपल्या खिशात काय आहे?

वाचा व लिहा : पटाशीचा दात, सुळा, उपदाढ, दाढ, हिरडी, किटण, कीड, दंतवैद्य.

सांगा :
१. आपल्या तोंडात किती दाढा आहेत? मोजा.
२. आपली किती बोटे तोंडात जातात?
३. घरातल्या कोणाची बोटे आज मोजाल?