आधी यादी, मग खोकं

निर्वासितांसाठी सामान गोळा करायला माणसं चटकन मिळतात, ते निवडायला मिळत नाहीत. माझ्या मते मदत फसते ती इथेच. 2 सप्टेंबर 2015 रोजी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आलान कुर्दी या निर्वासित चिमुरड्याचा मृतदेह सापडला. ते छायाचित्र जगभर गेलं आणि फ्रान्समधल्या कॅलेच्या छावणीकडे ब्रिटनमधून गाड्या भरभरून सामान निघालं. छावणीत बहुतेक सुदान, एरिट्रिया, अफगाणिस्तानातले तरुण, अंगाने सडपातळ. गरज होती लहान-मध्यम मापाच्या पुरुषी कपड्यांची, दणकट बुटांची, स्लीपिंग बॅगांची. खोक्यांतून मात्र उंच टाचांच्या चपला, बायकांचे समारंभाचे कपडे आणि ढगळ पँटीही निघत. प्रत्येक जॅकेटची चेन वर-खाली करून बघायची, खिसे चाचपायचे, बुटांची जोडी नाडीने बांधायची, खोक्यावर माप ठळक लिहायचं, हे सगळं कुणीतरी हातानेच करावं लागतं. ऑक्टोबर 2016 मध्ये ती छावणी हटवली गेली. तेव्हापासून माणसं विखुरलेली आहेत, पोलीस तंबू पुन्हापुन्हा उचलून नेतात आणि वाटप बरेचदा गाडीतूनच उरकावं लागतं. अशा वेळी मापं सरमिसळ झालेलं खोकं उघडलं, की रांग मोडते, ओढाओढ होते आणि जो अशक्त, तो हात हलवत परत जातो.

‘ज्याच्याकडे काहीच नाही त्याला काहीही चालेल,’ असं बरीच भली माणसं म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. मापात न बसणारा बूट घालून पावसात चालणाऱ्याचे पाय सोलवटतात. 2004 च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणममध्ये जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. ते नाकारणारे लोकही सर्वस्व गमावलेलेच होते. दात्याचं मन दुखावेल, हा दुसरा आक्षेप खरा आहे, पण त्यावर इलाज आहे: काय हवं ते आधीच स्पष्ट सांगावं आणि निरुपयोगी कपडे चिंध्यांच्या व्यापाऱ्याला वजनावर देऊन ते पैसे कामात घालावेत. निवडणाऱ्याला ‘हे नको’ म्हणण्याचा अधिकार संस्थेने दिलाच पाहिजे, नाहीतर गोदामाची अडगळ होते.

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींनी तर हे विशेष ध्यानात घ्यावं. 2021 पासून इंग्लिश खाडीपलीकडे सामान नेताना कस्टमची कागदपत्रं लागतात; आत काय आहे हे ठाऊक नसलेलं खोकं तिथेच अडतं. तेव्हा संस्थेची ताजी यादी आधी मागवा, एका खोक्यात एकाच प्रकारचं सामान भरा, माप बाहेर लिहा. आणि सुट्टीचे दोन दिवस हाताशी असतील तर ते निवडणीला द्या.