अंधारं घर उजळायचंय? पैसे आधी कुठे घालायचे

डोंबिवली, ठाणे, मालाड नाहीतर पुण्यातल्या पेठा. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या कितीतरी घरांत भर दुपारीही ट्यूब लावल्याशिवाय पेपर वाचता येत नाही. समोर दहा-पंधरा फुटांवर दुसरी इमारत, खिडकीवर पत्रा, खिडकीला ग्रिल आणि ग्रिलच्या आत डासांची जाळी. अशा घरात इंटिरिअरवाल्याला बोलावलं की बहुतेक वेळा पहिली सूचना फॉल्स सिलिंगची येते. वन बीएचकेत तो खर्च वायरिंग आणि दिव्यांसह सहज तीस-चाळीस हजारांवर जातो, छत चार-सहा इंच खाली येतं आणि दिवसाचा उजेड कणभरही वाढत नाही. माझ्या मते हा खर्च सगळ्यात शेवटी, तोही हौस असेल तरच करावा.

आधी जो उजेड घरात यायला निघालाय पण वाटेत अडतोय, तो मोकळा करायचा. मग आत आलेला उजेड गिळणारी छतं आणि भिंती बघायच्या. दिवे त्यानंतर. या क्रमाने गेलात तर चारशे स्क्वेअर फुटांच्या घरात पंधरा ते वीस हजारांत डोळ्यांना सहज जाणवेल असा फरक पडतो. भाड्याच्या घरात फक्त सफाई, पडदे आणि दिवे एवढंच करायचं ठरवलं तर पाच-सहा हजार पुरतात. इथले दर मुंबई-पुणे परिसरातले, मजुरीसह आणि अंदाजे आहेत. लहान गावात मजुरी कमी पडते. काम देण्याआधी दोन ठिकाणी भाव विचाराच.

पहिली पायरी फुकट आहे. खोलीत खुर्ची टाकून बसा आणि बसल्या डोळ्यांनी खिडकीतून आकाश दिसतंय का बघा. खुर्ची थोडी थोडी मागे सरकवत जा. जिथून आकाशाचा तुकडा दिसेनासा होतो, तिथून पुढे खोली अंधारी वाटणारच, कारण तिथे फक्त समोरच्या भिंतीवरून आणि छतावरून परतलेला उजेड पोहोचतो. मुलांचं अभ्यासाचं टेबल, आजी-आजोबांची वाचायची खुर्ची, शिवणयंत्र आकाश दिसणाऱ्या पट्ट्यात आणा. कपाट, फ्रिज, दिवाण मागे जाऊ दे. बऱ्याच घरांत नेमकं उलटं असतं: खिडकीला खेटून कपाट आणि अभ्यास कोपऱ्यात.

मग खिडकी. ओलं पांढरं फडकं घेऊन डासांच्या जाळीवर एकदाच फिरवून बघा. रस्त्यालगतच्या घरात ते काळं होऊन निघतं, आणि स्वयंपाकघराच्या जाळीवर तर फोडणीच्या तेलकट थरात धूळ रुतून बसलेली असते. भोकंच बुजल्यावर उजेड येणार कुठून? वेल्क्रोची जाळी काढून कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवा, मऊ ब्रशने घासा. जाळी जीर्ण झाली असेल तर नवी वेल्क्रोची जाळी साधारण चाळीस ते ऐंशी रुपये स्क्वेअर फूट पडते. घडीची, म्हणजे प्लीटेड जाळी दीडशेच्या पुढे जाते, पण दिवसा ती पूर्ण बाजूला सारता येते. अंधाऱ्या हॉलच्या मुख्य खिडकीला हा जादा खर्च मला योग्य वाटतो. काचेवर जुनी काळी फिल्म असेल तर ती आधी खरवडून काढा. काच कायमची धूसर झाली असेल तर ५ मिलिमीटरची साधी पारदर्शक काच बसवून शंभर ते दीडशे रुपये स्क्वेअर फूट होते.

बॉक्स ग्रिलमध्ये रिकामी पिंपं, मोडका पंखा, जुन्या कुंड्या असं बरंच साठलेलं असतं. ते आवरा. ग्रिलवरचा जस्ती पत्रा मात्र खरा गुन्हेगार आहे, कारण तो नेमका वरून, आकाशाकडून येणारा उजेड अडवतो. त्याच्या जागी पॉलिकार्बोनेटची शीट लावायला एका खिडकीला फॅब्रिकेटर अडीच ते चार हजार घेतो. पश्चिमेच्या खिडकीला पारदर्शक शीट घेऊ नका. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर खोली तापते, तिथे दुधी घ्या. शीट बसवताना स्वतः समोर उभे राहा. यूव्ही कोटिंग बहुधा एकाच बाजूला असतं, ती बाजू फिल्मवर छापलेली असते आणि ती उन्हाकडेच यायला हवी. उलटी बसली की शीट लवकर पिवळी पडते आणि पैसे वाया जातात. इमारतीच्या बाहेरच्या बाजूचं काम असल्यामुळे सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या.

खिडकीसमोर झाड असेल तर कोयता हातात घेऊ नका. महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्यानुसार खाजगी आवारातल्या झाडालाही परवानगी लागते. सोसायटीच्या लेटरहेडवर महापालिकेच्या उद्यान विभागाकडे फांद्या छाटण्यासाठी अर्ज करायचा. तो पावसाळ्याच्या बराच आधी दिलेला बरा. झाड राहू द्या, आड आलेल्या फांद्या तेवढ्या जाऊ द्या.

पडद्यांचा दांडा खिडकीच्या चौकटीएवढाच लावायची आपल्याकडे सवय आहे. त्यामुळे पडदा उघडला तरी दोन्ही बाजूंची वीतभर काच झाकलेलीच राहते. दांडा दोन्हीकडे आठ-दहा इंच लांब घ्या, म्हणजे गोळा केलेला पडदा भिंतीवर जाईल. नवा दांडा चारशे ते हजार रुपये. आडोशासाठी आत पातळ पांढरा पडदा लावा. त्याचं कापड शंभर ते तीनशे रुपये मीटर मिळतं.

रंगाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: पैसे एकाच जागी घालायचे असतील तर छताला घाला. तिथे ना कपाट येतं ना तसबीर, त्यामुळे सबंध छत उजेड खाली परतवतं. जुनं, पिवळट झालेलं छत पांढरं केलं की खोलीचा मागचा भाग उघडल्यासारखा वाटतो. दहा बाय बाराच्या खोलीचं नुसतं छत घासून दोन हात रंग द्यायला अडीच ते तीन हजार पुरतात. सगळी खोली करायची तर छत धरून सुमारे पाचशे स्क्वेअर फूट रंगकाम होतं. साध्या इमल्शनला चौदा ते बावीस रुपये दराने सात ते अकरा हजार. लांबी भरायची असेल तर वेगळे. एवढे पैसे नसतील तर छत, खिडकीसमोरची भिंत आणि खिडकीच्या चौकटीलगतची भिंतीची आतली कड एवढंच करा. ही कड हातभरच असते, पण बाहेरचा उजेड पहिल्यांदा तिच्यावरच आपटतो.

शेडकार्ड बघताना एलआरव्ही हा आकडा विचारा. रंग किती उजेड परतवतो ते तो शंभरपैकी सांगतो. पांढऱ्याचा आकडा ऐंशीच्या वर असतो, गडद निळा किंवा तपकिरी रंग दहाच्या आसपास. अंधाऱ्या खोलीत सत्तरच्या खाली उतरू नका. चकचकीत रंगाचा आग्रह धरणाऱ्या दुकानदाराला नको म्हणा; त्यात भिंतीचे उंचवटे दिसतात आणि दिवा डोळ्यांवर चमकतो. भिंतीला ओल असेल तर आधी गळती बंद करा, नाहीतर एका पावसाळ्यात पोपडे निघतील.

आरशाचा फायदा जागेवर अवलंबून आहे. खिडकीसमोर किंवा तिला लागून असलेल्या भिंतीवर लावला तरच तो उजेड परतवतो. अंधाऱ्या कोपऱ्यातला आरसा अंधारच दाखवतो. तीन बाय चार फुटांचा आरसा बसवून दोन ते तीन हजारांत होतो. पॅसेज अंधारा असेल तर स्वयंपाकघराच्या दाराचा वरचा भाग सुताराकडून कापून तिथे दुधी काच बसवा, खर्च दीड ते तीन हजार. भिंत फोडू नका. गावाकडच्या कौलारू घरात तर याहून सोपा उपाय आहे: दोन-चार मातीची कौलं काढून त्याच मापाची काचेची बसवायची.

आता दिवे. डबीवरचे वॅट बघू नका, लुमेन बघा. चांगला एलईडी एका वॅटला शंभरच्या आसपास लुमेन देतो, म्हणजे २० वॅटची चार फुटी बॅटन साधारण दोन हजार. दहा बाय बाराच्या खोलीला अशी एक कमी पडते. समोरासमोरच्या भिंतींवर दोन लावा, सावल्याही कमी होतील. बॅटन दोनशे ते साडेतीनशे रुपयांना मिळते. नवा पॉइंट केसिंग पट्टीतून काढायला वायरमन चार-पाचशे घेतो. घरासाठी ४००० केल्विनचा, ना पिवळा ना निळसर असा उजेड घ्या. जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसकट पन्नासहून जास्त वॅट खाते. रोज सहा तास धरले तर महिन्याला सुमारे सहा युनिट वाचतात, आणि सहा-सात महिन्यांत बॅटनची किंमत वसूल होते.

एलईडीवर साधारण एक-दोन वर्षांची वॉरंटी मिळते, पण ती मिळवायला बिल लागतं. म्हणून रस्त्यावरचा स्वस्त माल टाळा, स्टार लेबल बघून घ्या आणि पक्कं बिल डबीसकट जपून ठेवा. दुकानदाराने बदलून द्यायला नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.