चक्करची गोळी किती दिवस घ्यायची?

माझी आई सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. तिचं सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. गेल्या वर्षी विडीला दोरा गुंडाळताना तिची बोटं अडखळू लागली. मग दोन्ही हात कापू लागले, पाऊल घासू लागलं, चेहरा निर्विकार झाला. शेजारपाजारचे म्हणाले, वय झालं. एका दवाखान्यात कंपवाताचं औषधही सुरू झालं.

न्यूरॉलॉजिस्टनी मात्र आधी गोळ्यांची पिशवी मागितली. तीत प्रोक्लोरपेराझिन निघालं. चक्कर येते म्हणून थोड्या दिवसांसाठी दिलेली ही गोळी जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून महिनोन्‌महिने येत होती.

त्यांनी सांगितलं ते असं. मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन तयार करून हालचाली सांभाळणाऱ्या केंद्रांकडे पाठवतात. पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, या पेशीच मरत जातात. या गोळीने पेशी मरत नाहीत, पण डोपामिन जिथे पोचायचं तिथली दारं अडतात आणि लक्षणं तशीच दिसतात. मध्यमेंदूतून डोपामिनची आणखी एक वाट उमेद आणि गोडी जागवणाऱ्या भागांकडे जाते. ती अडली की माणूस मंद, निरुत्साही होतो.

औषधाने हालचाल थिजते हे जुनंच ज्ञान आहे. सर्पगंधेतल्या रेसर्पिनने निपचित पडलेले ससे, ज्यापासून डोपामिन बनतं ते लेव्होडोपा देताच हालू लागतात, हे शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये दाखवलं. 2000 साली त्यांना नोबेल मिळालं.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईची गोळी बंद झाली. काही महिन्यांनी कंप ओसरला, ती पुन्हा विड्या वळू लागली. सगळ्यांचं असं होत नाही. काहींमध्ये आत दडलेला पार्किन्सन्स अशा गोळीमुळे उघड होतो, म्हणून तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते.

चक्करसाठीच्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन आणि उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइड या गोळ्यांनीही असा त्रास होऊ शकतो, वयस्कांना जास्त. जुन्या चिठ्ठीवर त्या आणत राहू नका. कंप सुरू झाला तर घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कोणती कधीपासून चालू आहे ते सांगा. मानसिक आजाराची काही औषधंही डोपामिन अडवतात, पण ती मनाने कधीही बंद करू नका. कंपवाताची गोळीही अचानक थांबवू नका, त्यात जिवाला धोका असतो.

म्हाताऱ्या माणसाचा हात कापू लागला तर वयाला दोष देण्याआधी गोळ्यांची पिशवी तपासून घ्या.