रील टाकण्याआधी कागद तयार ठेवा: दुकानदार आणि रीलवाल्यांसाठी कायद्याचा धडा

व्हिडिओत सांगितलेले मुद्दे इथे नीट लिहून देतोय, म्हणजे वहीत उतरवता येतील. व्हिडिओ बघितला नसेल तरी हरकत नाही, सगळं इथे आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. सेलूत माझं किराणा आणि मसाल्याचं दुकान आहे. हळद आम्ही स्वतः दळतो आणि आमच्या नावाने पॅक करतो. एका दिवाळीच्या आधी ओळखीच्या एका रील बनवणाऱ्या पोराला 1,500 रुपये आणि दोन किलो हळद दिली. म्हटलं, मस्त रील बनव. त्यात तो म्हणाला, "या हळदीनं माझ्या आईची शुगर महिन्यात नॉर्मल झाली." त्याच्या आईला शुगर नाही, हे मला माहीत होतं. तरी मी हसलो आणि रील सगळ्या ग्रुपवर टाकली. गिऱ्हाईक वाढलं.

पंधरा दिवसांनी नेहमीचे एक काका दुकानात आले. "भाऊ, अजून अर्धा किलो द्या. शुगरची गोळी बंदच केली म्या."

माझ्या पोटात गोळा आला. त्यांना खुर्ची दिली, खरं काय ते सांगितलं, त्यांच्या मुलाला फोन लावला आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं. रील काढून टाकली. नशीब, काकांना काही झालं नाही. पण झालं असतं तर? बीबीएला आम्ही जाहिरात कशी करायची ते शिकलो. जाहिरातीत काय बोलायचं नाही, ते मला काकांनी शिकवलं.

आता मुद्दे बघू.

1. आजार बरा होतो असं बोलायचं नाही

1954 चा औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा अजून लागू आहे. मधुमेह, कॅन्सर, ब्लड प्रेशर, लठ्ठपणा असे आजार बरे होतात अशी जाहिरात करायला त्यात बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. "आपण तर मसाला विकतो, औषध कुठे?" असं म्हणू नका. वस्तू आजारावर चालते असं तुम्ही म्हणालात की कायदा तिला औषधासारखंच धरतो.

2. दावा खोटा निघाला तर दोघंही अडकतात

ग्राहक संरक्षण कायदा, 2019. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण माल बनवणाऱ्याला आणि त्याची शिफारस करणाऱ्याला 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. पुन्हा तेच केलं तर 50 लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षाची आणि नंतर तीन वर्षांपर्यंत बंदीही येऊ शकते. "बोलला तो, मी फक्त पैसे दिले" हे चालत नाही.

रीलवाल्यांनो, तुमच्यासाठी यात एक आधार आहे. दाव्याची नीट खातरजमा केली होती हे दाखवता आलं, तर तुमच्यावर दंड येत नाही. म्हणून दुकानदाराला विचारा, "भाऊ, शुद्ध म्हणताय, तर तपासणीचा रिपोर्ट दाखवा." रिपोर्ट नसेल तर ते वाक्य रीलमध्ये नको.

3. पैसे किंवा वस्तू घेतली तर सांगा

जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने इन्फ्लुएन्सरसाठी सूचना काढल्या. पैसे, फुकट माल, सूट, इतकंच काय घरचं नातं असलं तरी ते लोकांना कळलं पाहिजे. म्हणजे माझी दोन किलो हळदसुद्धा यात आली. रील मराठीत असेल तर "जाहिरात" हा शब्दही मराठीतच हवा. व्हिडिओत तो दिसलाही पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे. हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचा नाही.

4. दुसऱ्याच्या मालावर बोलताना जपून

2018 मध्ये अभिजीत भन्साळी या यूट्यूबरने पॅराशूट खोबरेल तेलाच्या शुद्धतेवर शंका घेणारा व्हिडिओ टाकला. मॅरिको कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी 2020 मध्ये कोर्टाने व्हिडिओ काढायला सांगितलं. ज्याचं लोक ऐकतात त्याची जबाबदारी सामान्य माणसापेक्षा जास्त, असं कोर्टाचं म्हणणं होतं. पुढच्याच महिन्यात खंडपीठाने काही भाग बदलून व्हिडिओ ठेवायला मुभा दिली. यातून आपण काय घ्यायचं? "मला हे तेल आवडलं नाही" हे मत झालं. "यात भेसळ आहे" हा आरोप झाला, त्याला पुरावा लागतो. समोरच्या दुकानाचं नाव घेऊन रील बनवण्याआधी हा फरक आठवा.

5. नाव आणि गाणं उसनं घेऊ नका

आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. बाहेरून आणलेल्या हळदीवर "वायगाव" लिहिणं हा 1999 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तिथल्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय तो वेगळाच. गाण्याचंही तसंच. ॲपमध्ये गाणं दिसतं म्हणून ते धंद्याच्या जाहिरातीला मोकळं असतं असं नाही. परवानगी नसेल तर स्वतःचा आवाज वापरा. दुकानातला खलबत्त्याचा आवाजसुद्धा छान लागतो.

आता काम काय करायचं?

पुढची रील करण्याआधी अर्ध्या पानाचा करार लिहा. त्यात एवढंच हवं:

- किती पैसे, कोणता माल, कधी द्यायचा
- रीलमध्ये बोलायची वाक्यं, आणि प्रत्येक दाव्यासमोर त्याचा कागद
- "जाहिरात" हा शब्द कुठे येणार
- टाकण्याआधी रील कोण तपासणार
- तक्रार आली तर किती वेळात काढायची
- दोघांच्या सह्या आणि तारीख

व्हॉट्सॲपवर "ठीक आहे भाऊ" एवढ्यावर भागवू नका. मोठा व्यवहार असेल तर वकिलाला दाखवा. त्याची फी दंडापेक्षा नक्कीच कमी असते. आणि गिऱ्हाईकही आता जागं झालंय, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर त्याला सरळ तक्रार करता येते.

काका अजून येतात. गोळी चालू आहे, हळद भाजीपुरती नेतात. आमची नवी रील साधी आहे: हळद कुठून आणली, कधी दळली, भाव काय. खाली "जाहिरात" लिहिलंय. व्ह्यूज आधीपेक्षा कमी येतात, हे लपवत नाही. पण कुणी दुकानात येऊन "गोळी बंद केली" म्हणेल याची धास्ती आता नाही.

तुमच्या जुन्या रील्स आज रात्री एकदा बघून घ्या. ज्या वाक्याचा कागद तुमच्याकडे नाही, ती रील काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत!